समोरच्या दाताची जागा

५ डिसेंबर, मंगळवार

रविवारी जे झालं ते आज लिहितो. रविवारीच लिहायला बसलो असतो तर कागद फाटला असता.

खाडीकाठच्या मैदानावर हितेशशेठच्या क्रिकेट स्पर्धेची पहिली फेरी होती. माइकवर अर्थात मी. चौथ्या षटकात पियूषने चेंडू थेट सुरूच्या बनात भिरकावला. मी म्हणालो, "गगनाला गवसणी घालणारा हा उत्तुंग षट..." आणि 'कार' बाहेर पडायच्या आत माझ्या समोरच्या दाताची कॅप बाहेर पडली. ती शेजारी बसलेल्या स्कोअरर निकेतच्या चहात गेली. निकेतने ती चमच्याने काढली, रुमालाला पुसली आणि मला परत दिली. मग उरलेला चहा प्यायला.

उरलेला सामना ओठ आवळून पार पाडला. 'फलंदाज'चा 'हलंदाज' होत होता आणि 'स' म्हटलं की शिट्टी वाजत होती. एकदा तर पंचांनी खेळ थांबवून इकडे तिकडे पाहिलं.

एस.टी.त मी एकतीस वर्षं काढली, त्यातली बावीस वाहतूक नियंत्रक म्हणून, माइकसमोर. माझं 'पनवेल, विनाथांबा' ऐकायला लोक मुद्दाम थांबायचे, असं एका कंडक्टरनेच मला सांगितलं होतं. निवृत्त होऊन सात महिने झाले. आता रविवारची कॉमेंट्री तेवढी उरली आहे.

विनिता म्हणाली, "दाताचं बघून घ्या." एवढंच. माझी बायको मुळातच कमी बोलते. तिला बोलण्याची आवड नाही.

७ डिसेंबर, गुरुवार

विनिताला घेऊन अलिबागला डॉ. रुचितांकडे गेलो. मुलगी तळा गावची आहे, तिशीचीही नसेल. मला पहिल्यापासून 'काका' म्हणाली. एक्स-रे काढला आणि म्हणाली, दाताचं मूळच उभं चिरलंय, हा वाचणार नाही, काढावा लागेल.

मी म्हणालो, काढा आणि दुसरा लावा.

ती म्हणाली, "इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला स्क्रू, काका. त्याला हाड लागतं. समोरच्या दाताच्या बाहेरच्या बाजूचं हाड कागदासारखं पातळ असतं. दात गेला की त्या हाडाला काही काम राहात नाही. काम नसलं की ते झिजतं. पहिल्या तीन-चार महिन्यांतच बरंच खचतं. मग तिथे ओठ आत जातो आणि स्क्रूला जागाही उरत नाही. म्हणून दात काढल्याबरोबर खड्ड्यात हाडाची पूड भरायची, वर पातळ पडदा ठेवून टाके घालायचे. हाड थोडं तरीही झिजेल, पण जागा राहील. चार महिन्यांनी इम्प्लांट."

काम नसलं की झिजतं, हे ती बोलत असताना विनिताने माझ्याकडे का पाहिलं कळलं नाही.

मी विचारलं, "पूड कुणाच्या हाडाची?"

एक जनावराच्या हाडापासून करतात, शुद्ध करून. दुसरी खनिजाची, कारखान्यात बनवलेली. मी विचारात पडलो. सोमवारी आणि गुरुवारी मी मासळीसुद्धा खात नाही, आणि हे हाड तर आठवडाभर तोंडातच राहणार. खनिजाची घ्या, म्हणालो.

"म्हणजे दगडाचीच ना?" विनिताने विचारलं.

"तसंच काहीसं," डॉक्टर म्हणाली.

विनिताला ते पसंत पडलेलं दिसलं.

शेवटी डॉक्टरने विचारलं, "तंबाखू? मशेरी?" मी म्हणालो, छे. विनिता खिडकीबाहेर बघत होती. मशेरी ही काही तंबाखू खाणं नव्हे. ती मी फक्त दातांना लावतो.

११ डिसेंबर, सोमवार

दात गेला. डॉक्टरने घाई केली नाही. बाजूचं हाड दुखावू नये म्हणून सुटा करत करत काढला. मग ओल्या वाळूसारखे पांढरे दाणे खड्ड्यात भरले. तीन टाके. पुढे काढघाल करायच्या पातळ प्लेटवर एक तात्पुरता दात दिला आहे.

सूचना: गुळण्या जोरात करायच्या नाहीत, नळीने काही प्यायचं नाही, त्या जागी जीभ किंवा बोट लावायचं नाही. पेज, मऊ भात. कमी बोलायचं. टाके निघेपर्यंत ओरडायचं तर मुळीच नाही.

मी कागदावर लिहून दाखवलं: शनिवार-रविवारी सामने आहेत.

डॉक्टर म्हणाली, "मग दुसऱ्या कुणालातरी बोलायला सांगा."

दुसरं कुणी आहे कुठे या पट्ट्यात? संध्याकाळी हितेशशेठ घरी आला. त्याच्याकडे सहा डंपर आहेत आणि धीर अजिबात नाही. त्याला मी लिहून सुचवलं की मी शेजारी बसून चिठ्ठ्या लिहीन, कुणीतरी त्या वाचेल. तो म्हणाला, "काका, तुमचं अक्षर कुणाला लागतं?"

माझं अक्षर विनितालाच लागतं. किराणाच्या याद्या तीस वर्षं तीच वाचते आहे. ती आधी नको म्हणाली, मग पातेलं घासत राहिली, मग म्हणाली, "फक्त वाचायचंय ना?"

१६ डिसेंबर, शनिवार

विनिताचा माइकवरचा पहिला दिवस. माझ्या मार्गदर्शनाखाली.

सुरुवात बरी झाली. माझी पहिली चिठ्ठी तिने जशीच्या तशी वाचली: "सागराच्या साक्षीने रंगणाऱ्या या रणसंग्रामात रसिकांचे सहर्ष स्वागत." आवाज कापत होता. दुसरीही वाचली. तिसऱ्या चेंडूवर मात्र सीमारेषेवर झेल सुटला. मी 'नशिबाची साथ लाभलेला फलंदाज' असं लिहीत होतो, तेवढ्यात ती माइकवर म्हणाली, "अरे बाला, हातान पापलेट असतं तर सोडलं असतंस काय?"

मैदान हसलं. मी वर पाहिलं. तीही थोडी घाबरली होती.

नंतर तिने चिठ्ठ्यांकडे बघणं हळूहळू सोडलं. एक चेंडू फार बाहेर गेला, तर म्हणाली, "ह्यो रेवदंड्याला निंगाला व्हता, वाटेन कीपरनं धरला." पियूष तीनदा बॅट फिरवून चुकला, तर म्हणाली, "फिरव बाबा, उकाडा हाय, वारा तरी लागतंय."

हे बोलणं मला पटलेलं नाही. लग्न झालं तेव्हा विनिताच्या तोंडात सगळं हाय आणि न्हायच होतं. तिचे वडील मिठागरात होते. मी पहिल्या वर्षभरात तिला एकेक शब्द सुधारून दिला. प्रत्येक वाक्याला थांबवून. तेव्हापासून ती नीट, मोजकं बोलते. आणि आज हजार माणसांपुढे माझी सगळी मेहनत पाण्यात.

आज मी एकूण सेहेचाळीस चिठ्ठ्या लिहिल्या. तिने पाच वाचल्या. बाकीच्यांचा आशय तिने स्वतःच्या शब्दांत मांडला असं म्हणता येईल. लोक खूश होते. मजकूर मुळात चांगला असला की वाचणारा कुणीही चालतो.

१७ डिसेंबर, रविवार

उपांत्य सामना, शेवटचं षटक, नऊ धावा हव्या. असा क्षण हौशी माणसाच्या हाती सोडणं बरं नव्हे. मी माइक घेतला. विनिताने तो लगेच दिला. शेवटच्या चेंडूला चौकार बसला आणि मी ओरडलो. काय ओरडलो ते मलाही कळलं नाही. तोंडात खारट चव आली. रुमाल लाल झाला आणि त्यावर चार-पाच पांढरे दाणे.

लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या चौकाराला असाव्यात.

१८ डिसेंबर, सोमवार

डॉक्टर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

एक टाका सुटलाय. पडदा सरकलाय. थोडी पूड गेली. तिने जखम साफ केली, वरून थोडी पूड भरली, नवा पडदा ठेवून पुन्हा टाके घातले. मग म्हणाली, "नुसतं ओरडून एवढं होत नाही, काका. इथे रोज बोट लागतंय."

माझ्या तोंडात कापूस होता, त्यामुळे मला खुलासा करता आला नाही. विनिता म्हणाली, "सकाळ-संध्याकाळ मशेरी लावतात. न्हाणीघराच्या खिडकीत डबी असते, पत्र्याची. निळी."

मी एस.टी.त असताना चोर प्रवासी पकडले आहेत. त्यांचे चेहरे कसे होतात ते आज आठवलं.

डॉक्टर म्हणाली की मशेरीने जखम भरत नाही, आणि लपवून ठेवायची असेल तर तिने घातलेले टाके फुकट आहेत. आता चार नाही, पाच महिने थांबायचं. तोवर हाड धरलं तर इम्प्लांट, नाही तर बघू.

परत येताना पुलावर विनिताने पिशवीतून निळी डबी काढली आणि खाडीत टाकली. घरून निघतानाच पिशवीत घालून आणली होती म्हणजे. मला बोलायची बंदी होती.

३ जानेवारी, बुधवार

मशेरीवाचून सोळावा दिवस. सकाळी हात आपोआप न्हाणीघराच्या खिडकीकडे जातो. चिडचिड होते. आज मी कॅलेंडरवर रागावलो.

फोन येतात. "विनिताताई आहेत का?" मी निरोप घेतो. आजवर चार गावांचे निरोप घेतले. माझी प्रकृती बरी नाही हे सगळ्यांना कळलं आहे, आणि मला त्रास नको म्हणून ते थेट तिच्याशी बोलतात. माणुसकी आहे अजून.

२८ जानेवारी, रविवार

हळदीकुंकवानिमित्त बायकांचे सामने. साड्या खोचून, पायात बूट घालून खेळल्या. मासळी विकणाऱ्या सत्तरीच्या गोदूबाईंनी पहिला चेंडू टाकला. तो तीन टप्पे खात यष्टीवर गेला आणि समोरची पोरगी बाद झाली. विनिता म्हणाली, "गोदूबाईची मासली आन गोदूबाईचा बॉल, परत घेतला जात न्हाय."

गोदूबाई माइकपाशी आल्या आणि विनिताच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "व्हतीस कुठं गो तू इतकी वर्सं?"

विनिता म्हणाली, "घरीच."

मी आज बावीस चिठ्ठ्या लिहिल्या. वाचलेल्या: शून्य. आशयही आला नाही.

घरी आल्यावर तिला विचारलं, "तुला एवढं बोलता येतं, तर आजवर बोलली का नाहीस?"

ती पायातला काटा काढत होती. म्हणाली, "घरात माइक एकच होता."

आमच्या घरात माइक कधीच नव्हता. तो स्टँडवर, केबिनमध्ये असायचा. तिला काय म्हणायचं होतं ते विचारायचं राहून गेलं.

१० मार्च, रविवार

आज मी परतलो. जखम केव्हाच भरली आहे. डॉक्टरने बोलायला परवानगी दिली आहे, प्लेट लावून 'स' बऱ्यापैकी येतो. हितेशशेठला सांगितलं, आता विनिताला त्रास नको. तो "बरं" म्हणाला, जरा थांबून.

दोन सामने केले. तयारी उत्तम होती. 'विद्युल्लतेच्या चपळाईने' एकदा आणि 'काळजाचा ठोका चुकवणारा' तीनदा वापरलं. लोक शांतपणे ऐकत होते. माझ्या पाळीत वडापावच्या गाडीवर झुंबड उडाली. गाडीवाल्याने नंतर माझे खास आभार मानले. म्हणाला, काकी बोलतात तेव्हा कुणी जागचं हलत नाही, धंदा बसतो.

चांगल्या कॉमेंट्रीने भूक लागते, असं मी मनाशी म्हणालो. ते मला स्वतःलाच नीट पटलं नाही.

तिसऱ्या सामन्याआधी हितेशशेठ खुर्ची ओढून शेजारी बसला. "काका, तुमचा मान मोठा. पुढच्या वेळेपासून बक्षीस वितरण तुम्ही करा. माइकला काकींना बसू दे."

ही बढतीच म्हणायला हवी. पण एस.टी.तही एखाद्याला गाडीवरून काढायचं असलं की आधी त्याचा सत्कार व्हायचा.

१२ मार्च, मंगळवार

विनिता बाजारात गेली होती. दुपारी मोबाइलवर सोळा डिसेंबरचा सामना लावला. यूट्यूबवर सगळे सामने असतात, मी कधी बघितले नव्हते. मी तिथे होतोच की.

पण नव्हतो. दिसतो, तिच्या शेजारी खाली मान घालून खरडतोय. ती बोलते आहे, लोक हसताहेत, आणि पापलेटनंतर मी एकदाही वर बघत नाही. सातव्या मिनिटाला मी तिच्यापुढे चिठ्ठी सरकवतो. ती उचलते, बघते आणि माइकवर म्हणते, "लग्नाला तीस वर्सं झाली. ह्यांनी मला कदी चिठ्ठी लिवली न्हाय. आज लिवतायत, तं ती बी क्रिकेटवर."

मैदान कोसळलं हसून. मी तेव्हा पुढची चिठ्ठी लिहीत होतो.

तेवढा तुकडा तीनदा बघितला. तिसऱ्यांदा बघताना लक्षात आलं की ती हसत नाहीये.

ती आल्यावर पिशवी हातातून घेतली. ती म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, काही नाही. मग म्हणालो, "पापलेटचं वाक्य चांगलं होतं."

"कुठलं?"

"पहिल्या दिवसाचं."

ती मासळी पाण्यात टाकत म्हणाली, "आज आठवलं?" आणि बऱ्याच वेळाने, पाठमोरीच, "बरं वाटलं."

१९ मे, रविवार

शुक्रवारी जबड्याचा स्कॅन झाला. डॉ. रुचितांनी पडद्यावर हाड दाखवलं. बाहेरची बाजू थोडी आत गेली आहे, पण रुंदी पुरेशी आहे. म्हणाली, "मशेरी खरंच सोडलीत, काका. हे हाडच सांगतंय." मी आयुष्यात बरीच प्रशस्तिपत्रकं घेतली, हे त्यातलं खरं.

कालच स्क्रू बसवला. दुखलं नाही, नुसता आवाज. आता तीनेक महिने तो हाडात धरायचा आणि मग वर दात. डॉक्टर म्हणाली, "तोवर जास्त बोलू नका हं." मग स्वतःच हसली. विनिताने क्लिनिकमध्ये तिला शेवटच्या सामन्याचं सगळं वर्णन ऐकवलं. त्या दोघी बोलत होत्या, मी खुर्चीत आडवा होतो. अर्धा तास कुणी मला काही विचारलं नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

दात बसला. आरशात पाहिलं, शेजारच्या दातांपेक्षा किंचित पांढरा आहे, पण ओठ जागच्या जागी. घरी येऊन दार लावलं आणि म्हणालो: सागर. फलाट. फलंदाज. षटकार. पनवेल, विनाथांबा. सगळं खणखणीत.

बाहेर आलो तर विनिता फोनवर होती. बोर्ली पंचतनची मंडळी नव्या मोसमाची तारीख मागत होती. मी दाताचं सांगायला हात वर केला. तिने फोनवर हात ठेवून विचारलं, "एक डिसेंबरला गाडी चालवाल का? लांब आहे."

मी हो म्हणालो.

१ डिसेंबर, रविवार

पहाटे निघून आगरदांड्याहून गाडी जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, खाडीपलीकडे नेली आणि दहाच्या आत बोर्ली गाठली. तिथे मला ओळखणारं कुणी नव्हतं. संयोजक प्रणय म्हणून पोरगा, त्याने सगळ्यांना ओळख करून दिली, "हे विनिताताईंचे मिस्टर." नारळाचं पाणी दिलं, सावलीत खुर्ची दिली. मी वही नेली नव्हती.

सकाळपासून पाच सामने ऐकले. हजार माणसांत बसून. अनोळखी गाव, अनोळखी पोरं, तरी दुसऱ्या सामन्यापर्यंत तिने कोण कुणाचा, कुणाचं लग्न ठरलंय, कोण आईला न सांगता आलाय हे सगळं शोधून काढलं होतं. दोन्ही फलंदाज एकाच टोकाला धावले तेव्हा ती म्हणाली, "दोगांना एकाच बाजूला जायाचंय. आमच्या घरी पन पयले असंच व्हतं." माझ्या शेजारचा म्हातारा पोट धरून हसला आणि मला म्हणाला, "बाई कोन हाय वो ही? लय भारी बोलते." मी म्हणालो, "व्हय." माझ्या तोंडून ते कसं आलं कोण जाणे. त्याला मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही.

जेवणानंतर प्रणयला कुणीतरी सांगितलं असावं की हेही कॉमेंट्री करायचे. त्याने माइक माझ्या हातात दिला. "काका, दोन शब्द." विनिता खुर्चीत सरकून बसली आणि मला जागा दिली.

मी म्हणालो, "नमस्कार." स्वच्छ, मैदानाच्या पार टोकापर्यंत गेला. 'स' ला शिट्टी नाही. पुढे बोलायला सागर होता, साक्ष होती, रणसंग्राम होता. सगळं पाठ होतं. पण गोलंदाज धावायला लागला होता, आणि या पोराबद्दल ती काय म्हणते ते मला ऐकायचं होतं. मी माइक तिला परत दिला.

तिने माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि मग चेंडूकडे.

तरी तिचं 'षटकार' अजून कच्चंच आहे. 'शटकार' म्हणते. ष कुठून उच्चारायचा ते परतीच्या वाटेवर समजावून सांगायचं ठरवलं होतं. जेटीवरून गाडी उतरवली, रस्ता मोकळा मिळाला, सूर्य अजून वर होता. सांगायला तोंड उघडलं, तर ती बाजूच्या सीटवर मान टाकून झोपली होती. दिवसभर बोलून माणूस दमतो, ते मला माहीत आहे. पुढे खड्डे होते. मी गाडी हळू घेतली.